जोडीदार परदेशात, घर रोहण्यात : वारंवार जाण्यायेण्याचा व्हिसा कसा मिळवावा

नवरा जर्मनीत, बायको वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्यात. किंवा बायको नेदरलँड्समधल्या कंपनीत आणि नवरा आर्वीच्या शाळेत शिक्षक. असे संसार आता विदर्भातल्या गावागावांत दिसू लागले आहेत आणि ते वाढणार आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या 20 हजारांवरून 90 हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. जाणाऱ्याच्या भाषेची, नोकरीची, विमानाची चौकशी सगळे करतात. मागे राहणाऱ्या माणसाने भेटायला कसं जायचं, याची चौकशी मात्र जाणारा गेल्यानंतरच सुरू होते.

मागे राहण्याची कारणं खरी असतात. शेती सोडता येत नाही, सासू-सासरे थकले आहेत, जिल्हा परिषदेची नोकरी आहे, मुलाची दहावी आहे. अशा घरांना तिकडे स्थायिक व्हायचं नसतं. वर्षातून एकदा-दोनदा जोडीदारापाशी महिना-दोन महिने राहून यायचं असतं. मग दर वेळी नवा अर्ज, नवी फी, पुन्हा मुंबईची फेरी, पुन्हा धाकधूक. हे टाळता येतं. पण त्यासाठी पहिल्या अर्जापासूनच पुढची पाच-सात वर्षं डोळ्यांसमोर ठेवून कागद जमवावे लागतात. हा लेख मुख्यतः युरोपातल्या शेंगेन देशांबद्दल आहे, कारण भारतीयांसाठी नियम तिथेच सर्वांत स्पष्ट झाले आहेत. इतर देशांचं शेवटी थोडक्यात सांगितलं आहे.

18 एप्रिल 2024 रोजी युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळा नियम केला. मागच्या तीन वर्षांत तुम्ही शेंगेनचे दोन व्हिसे घेतले असतील आणि ते नियमाने वापरले असतील, तर पुढच्या वेळी दोन वर्षांचा, हवं तितक्या वेळा आत-बाहेर करता येणारा व्हिसा मिळू शकतो. तो दोन वर्षांचा व्हिसाही नीट वापरला, तर साधारणपणे पाच वर्षांचा मिळतो. पासपोर्टची मुदत मात्र तेवढी शिल्लक हवी. शेंगेनमध्ये आज 29 देश आहेत आणि एका देशाने दिलेला व्हिसा सगळीकडे चालतो. फीचं गणितही इथे अर्जदाराच्या बाजूने आहे. जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो आणि 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45 युरो पडतात, आणि एका फेरीच्या व्हिसाला जी फी तीच पाच वर्षांच्या व्हिसालाही. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क तेवढं वेगळं.

"नियमाने वापरले" हे शब्द हलके घेऊ नका. व्हिसा काढला आणि गेलोच नाही, तर तो वापरलेला धरला जाणं कठीण आहे. गेलो आणि दिलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्त राहिलो, तर पुढची वाट स्वतःच अडवली. म्हणून पहिल्या दोन फेऱ्या छोट्या ठेवा, वेळेवर परत या. दोन्ही वेळचे बोर्डिंग पास, तिकिटं आणि विम्याची कागदपत्रं एका पाकिटात जपून ठेवा. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्यांच्या जागी आत-बाहेरची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पूर्वी पुसट शिक्क्यावरून वाद व्हायचे. आता जास्तीचा एक दिवसही संगणक आपोआप दाखवतो.

आधी दार कुठलं ते ठरवा

जर्मनीत नोकरी करणाऱ्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला दोन वाटा असतात. एक, कुटुंब एकत्र येण्याचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा. तो घेऊन तिकडे राहायला जायचं आणि तिथे वास्तव्य परवाना काढायचा. दुसरी, भेटीचा शेंगेन व्हिसा. पहिल्या वाटेत काही वेळा प्राथमिक जर्मन भाषेची परीक्षा लागते (ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित कामगारांचा परवाना असलेल्याच्या आणि बहुतेक कुशल कामगारांच्या जोडीदाराला ती माफ आहे) आणि अर्जाला महिने लागतात. तरी बरेच जण "मोठा कागद घेऊन ठेवू" म्हणून तोच मागतात. माझं स्पष्ट मत आहे की ज्याचं आयुष्य रोहण्यातच राहणार आहे, त्याने हा मोठा कागद घेऊन ठेवू नये. जर्मनीचा वास्तव्य परवाना साधारणपणे सलग सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिल्यास रद्द होतो. ब्लू कार्डवाल्याला आणि त्याच्या कुटुंबाला ही सवलत बारा महिन्यांची आहे. खरीप आणि रब्बी दोन्ही इथे काढणाऱ्या माणसाला हा परवाना टिकवता येत नाही. त्याच्यासाठी बहुप्रवेश भेट-व्हिसा हाच योग्य. उलट एक-दोन वर्षांत तिकडे राहायला जायचं पक्कं असेल, तर भेटीच्या व्हिसावर जाऊन "तिथेच बघू" असं करू नका. बहुतेक वेळा परत यावंच लागतं आणि नोंदही खराब होते.

अजून एक वेगळी परिस्थिती असते. जोडीदार युरोपीय संघातल्या एखाद्या देशाचा नागरिक असेल आणि स्वतःच्या देशाबाहेर, दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल, उदाहरणार्थ डच नागरिक जर्मनीत, तर त्याच्या पतीला किंवा पत्नीला तिथे जाण्याचा व्हिसा विनाशुल्क आणि जलद द्यावा लागतो. प्रवासविम्याची अटही नसते. अर्जात हे नातं नोंदवायचं असतं. तिकडे गेलेल्या जोडीदाराचा पासपोर्ट भारतीयच असेल, तर हा नियम लागू नाही.

रोहण्याचे कागद मुंबईत कसे बोलतात

व्हिसा अधिकाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: हा माणूस परत जाईल का? पगारदाराला उत्तर सोपं असतं. पगारपत्रकं, रजेचा आदेश आणि नोकरीचा दाखला पुरतात. शिक्षक किंवा सरकारी कर्मचारी असाल तर परदेशगमनाची पूर्वपरवानगी विभागाकडून आधीच मागून घ्या. ती मिळायला वेळ लागतो, पण मंजूर रजेसह जोडलेली ती परवानगी हा परत येण्याचा फार बळकट पुरावा असतो.

शेतकऱ्याला हे उत्तर स्वतः उभं करावं लागतं. शेतीवाल्याला व्हिसा मिळत नाही, असं गावात सर्रास म्हटलं जातं, ते खरं नाही. बारा एकर ओलिताची जमीन माणसाला गावाशी जेवढं बांधून ठेवते तेवढं तीन महिन्यांच्या नोटिशीची नोकरी ठेवत नाही. अडचण इतकीच की मुंबईतल्या वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्याने सातबारा कधी वाचलेला नसतो. तो वाचून दाखवण्याचं काम आपलं.

सातबारा आणि आठ-अ हे दोन्ही उतारे डिजिटल सहीचेच घ्या. महसूल विभागाच्या संकेतस्थळावर सातबारा 15 रुपयांत निघतो आणि त्यावर तलाठ्याच्या (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नसते. त्याचं इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या सही-शिक्क्यानिशी जोडा. भाषांतरात क्षेत्र हेक्टर-आरमध्येच राहू द्या, पण खाली एक ओळ लिहा की 1 हेक्टर म्हणजे सुमारे 2.47 एकर आणि 100 आर म्हणजे 1 हेक्टर. पीकपाहणीतल्या नोंदीही भाषांतरात आणा: कापूस, तूर, सोयाबीन, संत्रा. जमीन पडीक नाही आणि दर हंगामात ती कुणीतरी कसतं, हे त्याच नोंदींवरून कळतं.

जमीन सासऱ्यांच्या नावावर असेल, आणि बहुतेक घरांत ती तशीच असते, तर सुनेच्या अर्जात तो सातबारा एकटा काही सांगत नाही. त्याच्यासोबत विवाहाचा दाखला, एकत्र कुटुंबाची शिधापत्रिका आणि सासऱ्यांचं साध्या शब्दांतलं पत्र हवं: सून आमच्यासोबत राहते, शेतीचं अमुक काम पाहते, प्रवासाचा खर्च अमुक माणूस करणार आहे.

बँकेचं खातं हा यातला सर्वांत नाजूक भाग. अधिकारी मागच्या तीन ते सहा महिन्यांचे व्यवहार बघतो आणि अचानक आलेली मोठी रक्कम त्याच्या डोळ्यांत खुपते. पाहुण्याकडून चार लाख आणून खात्यात टाकायचे, व्हिसा झाला की परत द्यायचे, हा प्रकार त्याने शेकड्याने पाहिलेला असतो. आता आपलं खातं बघा. जूनमध्ये पीककर्ज जमा होतं. दिवाळीनंतर कापूस विकला की एकदम दोन-अडीच लाख येतात. मधले महिने खातं कोरडं असतं. हे सगळं प्रामाणिक आहे, पण अनोळखी डोळ्यांना ते उसनवारीसारखंच दिसतं. म्हणून प्रत्येक मोठ्या रकमेसमोर तिचा कागद लावा. कापूस सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) दिला असेल तर त्यांची पावती, आर्वीच्या किंवा पुलगावच्या बाजार समितीत माल विकला असेल तर तिथली पट्टी, पीककर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र. बँकेच्या उताऱ्यावर त्या नोंदीपुढे पेन्सिलीने क्रमांक टाका आणि तोच क्रमांक कागदावरही टाका. पीएम किसानचे 2000 रुपयांचे हप्ते ठरावीक अंतराने जमा झालेले दिसतात. रक्कम लहान असली तरी खातेदार शेतकरी आहे याचा तो सरकारी पुरावा आहे, त्याकडेही बोट दाखवा.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रच भरायचं नाही, असा समज आहे. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरता येतं आणि त्यात शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवता येतं. व्हिसाचा विचार मनात आला की त्या वर्षापासूनच विवरणपत्र भरायला सुरुवात करा. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं आणि तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला एकमेकांशी जुळले पाहिजेत. एकात अडीच लाख आणि दुसऱ्यात, कुठल्याशा योजनेसाठी काढलेला म्हणून, 60 हजार असं असेल तर एवढ्या एका विसंगतीने सगळा अर्ज संशयास्पद होतो.

नावांचं तसंच आहे. रोहणा हे नाव इंग्रजीत कुणी मधला 'ए' लावून लिहितं, कुणी न लावता. आधारवर एक, बँकेत दुसरं, विवाहाच्या दाखल्यात तिसरं. लग्नानंतर बदललेल्या नावाचा गोंधळ त्याहून मोठा: पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, गुणपत्रिकेवर वडिलांचं. पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण माना आणि बाकीचे कागद दुरुस्त होतील तेवढे त्याच्याशी जुळवून घ्या. जे होणार नाहीत त्यांच्यासाठी 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची आहेत' असं प्रतिज्ञापत्र करून जोडा.

विवाहनोंदणी राहिली असेल तर आधी ती करा. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याखाली गावातल्या विवाहाची नोंद ग्रामपंचायतीतच होते. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच विवाह निबंधक असतात. त्यासाठी वर्ध्याला जावं लागत नाही. लग्नपत्रिका आणि फोटो हे कागद नोंदणीला उपयोगी पडतात, पण व्हिसासाठी ते दाखल्याची जागा घेऊ शकत नाहीत.

लग्न झालेलं नसेल तर काय, हा प्रश्न मुली दबक्या आवाजात विचारतात. शेंगेन भेट-व्हिसासाठी लग्न ही अट नाही. मित्राला, होणाऱ्या नवऱ्याला, जोडीदाराला भेटायला जाणं हे कायदेशीर कारण आहे आणि ते तसंच लिहावं. घरात कळू नये किंवा अधिकाऱ्याला शंका येऊ नये म्हणून "पर्यटन" लिहायचं, हॉटेलचं खोटं आरक्षण जोडायचं आणि प्रत्यक्षात त्याच्या घरी राहायचं, असा सल्ला देणारे एजंट भेटतात. तो ऐकू नका. दुसऱ्या, तिसऱ्या अर्जात हे नातं पुढे येतंच, आणि मग पहिला अर्ज खोटा होता हे सिद्ध होतं. खरं लिहिलं तर प्रत्येक फेरी त्या नात्याचा पुरावा वाढवत जाते. साखरपुड्याचे दोन फोटो, आधीच्या भेटीचे एक-दोन, जोडीदाराचं निमंत्रणपत्र, त्याचा वास्तव्य परवाना आणि घराचा करार एवढं पुरे. व्हॉट्सअॅपवरच्या गप्पांचे गठ्ठे छापून देऊ नका. ते खासगी आहेत आणि तसंही ते कुणी वाचत नाही.

खर्च तिकडचा जोडीदार करणार असेल तर जर्मनीत त्याला परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र मिळतं. हे साधं निमंत्रण नसतं. पाहुण्याच्या मुक्कामाचा खर्च, आजारपण आणि परत पाठवण्याची वेळ आली तर तो खर्च, सगळं हमीदाराच्या अंगावर येतं. नवऱ्याने ते दिलं असेल तर बायकोचं खातं रिकामं असलं तरी अर्ज लंगडा पडत नाही. मात्र हमीपत्राने पैशाचा प्रश्न सुटतो, परत येण्याचा सुटत नाही. तिथे सातबारा, रजा, मुलांची शाळा हेच कागद बोलतात.

अर्ज, प्रवास, स्टिकर

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत 15 दिवस, पण तपासणी लांबली तर 45 दिवसांपर्यंत. मे महिन्याच्या सुट्टीसाठी सगळा देश मार्चमध्ये जागा होतो, तेव्हा अर्ज केंद्रावर वेळ मिळत नाही. विदर्भातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी धरायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घ्या. पुलगावहून संध्याकाळची गाडी धरून सकाळी मुंबईत उतरणार असाल तर केंद्रावरची वेळ दुपारची घ्या. गाडी दोन-तीन तास उशिरा पोहोचणं नवं नाही, आणि चुकलेली वेळ पुन्हा मिळायला आठवडे जातात.

तिथे दहाही बोटांचे ठसे घेतात. कापूस वेचणाऱ्या, विळा-खुरपं चालवणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात, हे आधारच्या वेळी अनेकींनी अनुभवलं आहे. जाण्याआधी आठ-दहा दिवस हातांना तेल किंवा मलम लावत राहा. बोटांच्या टोकांवर मेंदी नको, ताजी चीर नको. हे ठसे एकदा नोंदले गेले की 59 महिन्यांपर्यंतच्या पुढच्या अर्जांसाठी पुन्हा वापरता येतात.

प्रवासविमा किमान 30 हजार युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. बहुप्रवेश व्हिसासाठी अर्ज करताना पहिल्या फेरीपुरता विमा दाखवला तरी चालतं. पुढच्या प्रत्येक फेरीला नवा विमा काढणं ही आपली जबाबदारी, आणि तशी सही अर्जातच घेतलेली असते. बाळंतपणाचा खर्च बहुतेक प्रवासविमे देत नाहीत, हे गरोदर बहिणींनी पॉलिसी वाचून आधी पक्कं करावं.

अर्जात 'किती प्रवेश हवेत' या रकान्यात 'अनेक' असं भरा आणि सोबतच्या पत्रात कारण लिहा. ते पत्र एका पानाचं असावं. मी कोण, जोडीदार कोण, आधीच्या दोन फेऱ्या कोणत्या तारखांना झाल्या, वर्षातून कोणत्या महिन्यांत जाणं शक्य आहे आणि उरलेल्या महिन्यांत मी इथे का हवी आहे. कपाशीची पेरणी जूनमध्ये, वेचणी ऑक्टोबरपासून, म्हणून जायला जानेवारीनंतरचे महिने बरे. असा कामाचा हिशेब दिला की पत्र माणसाने लिहिलेलं वाटतं. इंटरनेटवरून उतरवलेली अलंकारिक पत्रं अधिकाऱ्यांना पाठ झालेली असतात.

पासपोर्टचं गणित आधीच बघा. तो मागच्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, त्यात दोन कोरी पानं हवीत. पाच वर्षांचा व्हिसा मागायचा आणि पासपोर्टची तीनच वर्षं उरलीत, असं असेल तर व्हिसाही त्याआधीच संपतो. अशा वेळी आधी नवा पासपोर्ट काढा, मग अर्ज करा. 60 पानी पासपोर्टला 36 पानीपेक्षा 500 रुपये जास्त पडतात, येणं-जाणं वाढणार असेल तर तोच घ्यावा. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवून प्रवास करता येतो.

व्हिसा हातात आला की स्टिकर नीट वाचा. तिथे तीन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती प्रवेश, आणि मुक्कामाचे दिवस. पाच वर्षांच्या व्हिसावरही मुक्कामाचे दिवस 90 च असतात. म्हणजे कुठल्याही 180 दिवसांच्या काळात जास्तीत जास्त 90 दिवस, आणि उतरल्याचा तसंच निघाल्याचा दिवसही त्यात धरायचा. हे 180 दिवस जानेवारी-जूनसारखे ठरलेले नसतात. तुम्ही ज्या दिवशी तिथे आहात त्या दिवसापासून मागे 180 दिवस मोजायचे. उदाहरण घ्या: 10 जानेवारीला पोहोचलात आणि 9 एप्रिलला निघालात, तर (लीप वर्ष नसेल तेव्हा) बरोबर 90 दिवस झाले. आता 9 जुलैच्या आधी एक दिवसही आत जाता येणार नाही. 9 जुलैला जानेवारीतला पहिला दिवस मोजणीतून गळतो आणि मग रोज एकेक गळत जातो, म्हणून तिथून पुढे पुन्हा 90 दिवस राहता येतं. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर हे मोजायचं यंत्र फुकट आहे. तिकीट काढण्याआधी प्रत्येक वेळी त्यात तारखा घाला. फ्रान्स किंवा इटली फिरून आलात तरी मोजणी एकच.

नकार आला तर छापील कागदावर कारणाच्या चौकटीत खूण असते. ती खूण कशाची आहे ते समजून घेतल्याशिवाय तोच अर्ज पुन्हा टाकू नका. जर्मनीने 1 जुलै 2025 पासून फेरविचाराचा विनंतीअर्ज बंद केला आहे. आता एक तर बर्लिनच्या न्यायालयात दाद मागायची किंवा नवा, सुधारलेला अर्ज करायचा. घरगुती भेटीसाठी नवा अर्जच शहाणपणाचा. आणि पुढे कुठल्याही देशाने "आधी नकार मिळाला होता का" विचारलं तर होय म्हणा. नकार माफ होतो, लपवाछपवी होत नाही. "हमखास व्हिसा" म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. निर्णय फक्त दूतावास घेतो, अर्ज केंद्राच्याही हातात तो नसतो.

इतर देशांत

अमेरिकेचा भेट-व्हिसा भारतीयांना सहसा दहा वर्षांचा, बहुप्रवेशी मिळतो, पण प्रत्येक वेळी किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिन्यांपर्यंत. जोडीदार एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असेल आणि लग्न झालं असेल तर एच-4 हा जोडीदारासाठीचा व्हिसा ही वेगळी वाट आहे. ब्रिटन दोन, पाच, दहा वर्षांचे भेट-व्हिसे देतं, एका भेटीत कमाल सहा महिने. तिथे मात्र मुदत वाढली की फी चांगलीच वाढते, आणि मोठी मुदत मागून छोटी मिळाली तर फरक परत मिळत नाही, म्हणून पहिल्याच वेळी दहा वर्षांचा मागू नये. कॅनडात पूर्वी दहा वर्षांचा व्हिसा जवळजवळ सवयीने मिळायचा. नोव्हेंबर 2024 पासून मुदत आणि प्रवेश अधिकारी प्रत्येकाचं बघून ठरवतात. संयुक्त अरब अमिरातीचा पाच वर्षांचा बहुप्रवेश पर्यटन व्हिसा आहे. त्यासाठी मागच्या सहा महिन्यांत खात्यात 4000 डॉलर किंवा तेवढी रक्कम दाखवावी लागते, एका भेटीत 90 दिवस आणि वर्षात एकूण 180 दिवसांपर्यंत राहता येतं.

आणि जोडीदार परदेशी नागरिक असून त्यालाच रोहण्याला यायचं असेल, तर भारताचा ई-पर्यटन व्हिसा पाच वर्षांपर्यंतचा, बहुप्रवेशी मिळतो. भारतीय नागरिकाशी लग्न झालं, त्याची नोंदणी झाली आणि ते सलग दोन वर्षं टिकलेलं असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी अर्ज करता येतो आणि मग व्हिसाचा प्रश्नच उरत नाही. आणखी एक गोष्ट गावातल्या घरांना माहीत नसते: परदेशी पाहुणा आपल्या घरी मुक्कामाला आला की 24 तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा 'सी' नमुना) ऑनलाइन भरावा लागतो, आणि हा नियम हॉटेलांइतकाच खासगी घरालाही लागू आहे. त्याच्या पासपोर्टचं पान, व्हिसाचं पान आणि फोटो मोबाईलमध्ये आधीच घेऊन ठेवा, म्हणजे तो उतरला त्याच संध्याकाळी फॉर्म भरून होतो.